गळ्याची साक्ष

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग पाहण्यास आलेले जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या, आणि त्या रात्रीची हकीकत जबान्या, पंचनामे, मुद्देमालाच्या याद्या आणि अखेरीस न्यायालयाचा निवाडा अशा रीतीने सरकारी दप्तरात कायमची रुजू झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला ती रात्र आजही घटकाघटकांनी उभी करता येते. परंतु त्याच नाट्यगृहात त्याच्या आधी आणि नंतर ज्या शेकडो रात्री शकुंतला, सुभद्रा आणि शारदा गायल्या, ज्या रात्री गोदाकाठच्या या गावाने आपली दिवसाची विवंचना बाजूला ठेवून एका गळ्याच्या स्वाधीन होणे पत्करले, त्या रात्रींची जबानी कोणी घेतली? अपराधाला साक्षीदार मिळाले आणि सुरांना ते क्वचितच मिळाले, ही खंत या संग्रहाच्या मुळाशी आहे, आणि जे थोडे साक्षीदार मिळाले त्यांनी काय पाहिले, काय ऐकले व काय ऐकूनही नोंदले नाही, याचा फेरतपास करणे हा त्याचा हेतू आहे.

संग्रहाचा विषय आहे गायिका-नटी व तिच्यावर झालेले समीक्षालेखन. पाश्चात्य ऑपेरामध्ये स्त्रीच्या सर्वांत उंच गळ्याला ‘सोप्रानो’ अशी संज्ञा आहे, आणि त्या गळ्याच्या गायिकेविषयी, ती रंगमंचावर भूमिका करताना कशी गाते व भूमिकेचा वेष उतरवून केवळ मैफलीत कशी गाते याविषयी, तिकडे दीडदोन शतकांचे अखंड लेखन उपलब्ध आहे. आपल्याकडे आवाजाची तशी जातवारी नाही; ज्याने त्याने आपल्या गळ्याच्या बेताने षड्ज धरावा, ही आपली रीत आणि ती आपल्या संगीताची मोठी मुभाही आहे. पण गायनाची दोन आसने मात्र आपल्याकडेही आहेत. एक रंगमंच, जेथे पद हे कुणा पात्राचे बोलणे असते, आणि दुसरी बैठक, जेथे रागाखेरीज दुसरे पात्र नसते. एकच स्त्री या दोन्ही आसनांवर बसली म्हणजे तिला मोजावयाचे कोणत्या मापाने, हा प्रश्न मराठी समीक्षेला गेली शंभर वर्षे पडलेला आहे, आणि त्याचे नीट उत्तर न सापडल्यामुळे अनेक गुणी गायिकांवर अन्याय झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि दोनच वर्षांनी ‘संगीत सौभद्र’. तेव्हापासून मराठी नाटक गाऊ लागले, आणि ते गाऊ लागताच प्रेक्षकाचा श्रोता झाला. परंतु त्या रंगभूमीवर स्त्रीला मज्जाव होता. सुभद्रा गात असे ती बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने. १९०१ साली भाऊराव निवर्तले, आणि काही वर्षांतच नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला, ज्याला महाराष्ट्राने बालगंधर्व या नावाने मस्तकी धरले. १९११चे ‘मानापमान’, १९१६चे ‘स्वयंवर’, १९१९चे ‘एकच प्याला’ या नाटकांतून भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांच्या रूपाने त्यांनी मराठी मनात स्त्रीच्या गायनाची जी प्रतिमा कोरली ती इतकी खोल होती, की बायकांनी त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची आणि केसांत फुले माळण्याची तऱ्हा उचलली. आपल्या नाट्यसंगीताच्या समीक्षेची भाषा याच काळात घडली. आवाजातील गोडवा, लयीशी केलेली लडिवाळ क्रीडा, शब्दाला सुरात भिजवून पुढे करण्याची लकब, लज्जेचा विभ्रम, ही सगळी परिभाषा एका असामान्य पुरुषाच्या गायनाचे वर्णन करताना तयार झाली.

येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. ज्या दिवशी खरी स्त्री रंगमंचावर येऊन गाऊ लागली, त्या दिवशी तिच्या गळ्याला लावण्यासाठी समीक्षकाच्या हाती जे माप होते, ते पुरुषाने साकारलेल्या स्त्रीचे होते. स्त्रीने स्त्रीसारखे गावे की बालगंधर्वांनी कल्पिलेल्या स्त्रीसारखे, असा प्रश्न कोणी शब्दांत विचारला नाही. पण त्या काळची परीक्षणे बारकाईने वाचणाऱ्याला तो ओळीओळीखाली दिसतो. बालगंधर्वांच्या थोरवीला यत्किंचितही उणेपणा न आणता हे म्हणता येते, किंबहुना ते म्हटल्याखेरीज त्यांच्यानंतरच्या कोणत्याही गायिकेची खरी किंमत करता येणार नाही.

पुरुषांच्या मंडळ्या गाजत होत्या त्याच काळात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही गावोगाव फिरत होत्या, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीतील एक शिखर म्हणून मान्यता पावलेल्या मोगूबाई कुर्डीकर यांनी आपल्या कोवळ्या वयात सातारकर स्त्री संगीत मंडळीत भूमिका केल्या होत्या. या मंडळ्यांविषयी जे थोडे छापून आले, त्यात गायनापेक्षा गायिकांच्या कुळाची चौकशी अधिक. ज्या घराण्यांनी देवळात आणि दरबारात पिढ्यान्‌पिढ्या संगीत जिवंत ठेवले, त्यांच्या मुलींनी रंगमंचावर पाऊल ठेवताच समीक्षकाचा कान मिटला आणि डोळा उघडला. हा काही एकट्या समीक्षकाचा दोष नव्हे, तो समाजाचा होता. परंतु समाजाच्या दोषाला शाई पुरवण्याचे काम समीक्षकाने केले, हे मान्य केले पाहिजे.

या स्थितीत पालट घडवला तो प्रामुख्याने हिराबाई बडोदेकर यांनी. १९०५ साली मिरजेस जन्मलेल्या, अब्दुल करीमखाँ यांच्या कन्या आणि अब्दुल वहीदखाँ यांच्या शिष्या असलेल्या हिराबाईंना पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी मुंबईच्या आपल्या गांधर्व महाविद्यालयात जाहीररीत्या गावयास बसवले. हेच विष्णु दिगंबर पुढे नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले, ही गोष्ट नाशिककराला अभिमानाने सांगावीशी वाटते. हिराबाई तिकीट लावून, सर्वांसाठी खुल्या सभागृहात, हातवारे न करता, शांत चित्ताने गात. १९२९च्या सुमारास त्यांनी भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली आणि तिच्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यांच्यावरील लेखनाचा ढीग मोठा आहे आणि त्यात आदर ओतप्रोत आहे. पण तो उपसताना एक गोष्ट सलत राहते. त्यांच्या शुभ्र नऊवारीचे, डोक्यावरून घेतलेल्या पदराचे, बसण्यातील शालीनतेचे वर्णन जितक्या तपशिलाने येते, तितक्या तपशिलाने त्यांच्या आलापीची बढत येत नाही. स्वरांवर त्यांनी घेतलेले ठेहराव, तार षड्जाला हळुवार स्पर्श करून परतण्याची त्यांची पद्धत, किराणा घराण्याच्या संथ रागविस्ताराला नाटकातील पदाच्या अवघ्या काही मिनिटांत त्यांनी कसे बसवले, हे सांगणारा लेखक विरळा. निंदा करणाऱ्याने चारित्र्य पाहिले आणि स्तुती करणाऱ्यानेही चारित्र्यच पाहिले. गाणे दोघांच्या हातून निसटले.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि एक निराळेच पर्व सुरू झाले. नॉर्वेच्या ब्यर्न्सनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी केलेल्या या नाटकात पदे थोडी, आटोपशीर आणि प्रसंगाच्या पोटातून निघालेली होती. चाली केशवराव भोळे यांच्या होत्या आणि त्या गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळे होत्या. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाईंनी पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त मास्तर कृष्णरावांच्या चालींना जो स्वच्छ, निर्व्याज, आजच्या घरातील स्त्रीचा आवाज दिला, तो बालगंधर्वी मापात मावणारा नव्हताच. तो मोजण्यासाठी नवे माप हवे होते. ते घडवण्याची पात्रता असलेला समीक्षक त्यांच्या घरातच होता. ‘एकलव्य’ या टोपणनावाने ‘आजचे प्रसिद्ध गायक’ लिहिणाऱ्या केशवराव भोळ्यांइतका चोख कान मराठी संगीतसमीक्षेला क्वचित लाभला आहे. पण पतीने पत्नीविषयी किती लिहावे, हा संकोच त्या पिढीचा होता, आणि म्हणून ज्या गळ्याला सर्वांत योग्य साक्षीदार होता, त्या गळ्याची साक्ष त्याच्याकडून पुरती घेता आली नाही.

याच काळातील आणखी एक नाव मी मुद्दाम घेतो. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाल्या आणि बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका करू लागल्या. बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेऊन त्यांनी ती आत्मसात केली होती. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी ‘हुबेहूब’ हे एकच विशेषण पुन्हा पुन्हा वापरले. कोणी ते कौतुकाने वापरले, कोणी तुच्छतेने. ज्या पुरुषाने स्त्रीचे अनुकरण करून कीर्ती मिळवली, त्याचे अनुकरण करणारी स्त्री ‘नक्कल’ ठरावी, आणि तिच्या स्वतःच्या गळ्याचा पोत, तिचा स्वतःचा दमसास, तिच्या आवाजातील करुणेची छटा यांची कोणी विचारपूसही करू नये, यापेक्षा त्या मापाच्या अपुरेपणाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

या सर्व लेखनाचे ढोबळ मानाने चार संप्रदाय मानता येतील. पहिला वृत्तपत्री परीक्षणाचा. त्याचा लेखक नाटकाचे कथानक सांगतो, पोशाख व पडदे यांची वाखाणणी करतो, कोणत्या पदाला किती ‘वन्स मोअर’ मिळाले ते नोंदतो आणि पदे बहारीची झाली असे म्हणून सही करतो. त्याला उथळ म्हणून टाकून देऊ नये. त्याच्यामुळेच तारखा, मुक्काम आणि संच आपल्याला कळतात. दुसरा जाणकारांचा. रागाची शुद्धता, घराण्याची शिस्त आणि तानेचा दाणा यांवर त्याची नजर. वामनराव देशपांडे यांचे १९६१चे ‘घरंदाज गायकी’ हे या विचारसरणीचे सर्वांत सुसंगत फळ. बैठकीच्या गाण्याला हा संप्रदाय पुरेपूर न्याय देतो, परंतु पद हे पात्राचे बोलणे आहे हे त्याच्या दृष्टीने गौण. तिसरा नाट्यनिष्ठांचा, नाट्यमन्वंतरापासून बळावलेला. गाण्याने नाटक थांबता कामा नये, हे त्याचे ब्रीद. त्याने ‘वन्स मोअर’च्या अतिरेकाला आळा घातला हे खरे, पण गाणे हे नाटकावरचे संकट आहे अशा समजुतीने तो कधी कधी गळ्याकडे पाठ फिरवतो. चौथा संप्रदाय आठवणींचा. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हा त्याचा मुकुटमणी. येथे लेखक स्वतः पेटीवर बसलेला असतो, त्यामुळे तो जे सांगतो ते आतल्या बाजूचे असते.

या चौघांच्या पलीकडे जाऊन डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचे शास्त्र, रंगभूमीची गरज आणि समाजाची घडण यांचा एकत्र विचार करण्याची वाट घालून दिली. ‘स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र’ हा त्यांचा ग्रंथ मराठीबाहेरच्या वाचकांनाही या क्षेत्राचे दार उघडून देतो. त्या वाटेवर अजून फार थोडे चालले आहेत. साधा पट्टीचा प्रश्न घ्या. दोन्ही भूमिका पुरुष करीत तोवर ऑर्गनवर एकच पट्टी धरून युगुलपद सुखाने पार पडे. नायिकेच्या जागी स्त्री आली की तिच्या गळ्याची सोयीची पट्टी बरीच वर जाते. मग एक तर नायकाने टाचा उंचावून गावे, नाही तर नायिकेने आपला आवाज खाली दाबून धरावा. नायिकेचा सूर खालच्या सप्तकात क्षीण वाटला असा ठपका जुन्या लेखनात भेटतो. तो दोष गळ्याचा होता की पट्टीचा, हे तपासण्याची तजवीज मात्र दिसत नाही.

समीक्षा म्हणजे काय, हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नाही; ते नाशिकच्या तांबट आळीतील एका वाड्यात माझ्या आत्याने शिकवले. माझ्या लहानपणी गावात फिरती नाटक मंडळी आली की मोकळ्या जागेत कनाती उभ्या राहात, आणि आत्या शेजारणींना घेऊन बायकांसाठी राखलेल्या बाकांवर सर्वांत आधी जाऊन बसे. एका रात्री आलेल्या नायिकेचा आवाज प्रवासाने आणि पडशाने पार बसला होता. पुढे कैक वर्षांनी मला त्या प्रयोगाविषयीचे छापील टिपण पाहावयास मिळाले. त्यात पदे नेहमीप्रमाणे रंगली एवढेच एक वाक्य होते. आत्याने मात्र सांगितले होते ते असे. पहिल्या अंकात बाई दोनदा तार षड्जाच्या अलीकडूनच परतली. ऑर्गनवाल्याने तिच्याकडे पाहिले आणि दुसऱ्या अंकात पट्टी एका सुराने उतरवली. तबलजीने ठेका इतका हळू केला की पंख्यांचा आवाज ऐकू यावा. आणि तिसऱ्या अंकात, एरवी उभ्याने आणि तानांनी सजवून गायच्या पदाला, ती खाली बसली, एकही तान घेतली नाही, शब्द एकेक करून ठेवत गेली. “अरे, ती गायलीच नाही,” आत्या म्हणाली, “ती बोलत गेली आणि आम्हांला गाणं ऐकू आलं.” तेव्हा ‘वन्स मोअर’ कोणी मागितला नाही, पदर मात्र डोळ्यांना लागले. आत्या चार इयत्ता शिकलेली. तिला रागाचे नाव ठाऊक नव्हते, लयीचे गणित ठाऊक नव्हते. परंतु काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, कोणी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तिने एका निष्णात साक्षीदाराप्रमाणे सांगितले. त्या रात्री त्या बाईने आपल्या उणेपणातून जे निर्माण केले ते तिच्या कोणत्याही भरजरी रात्रीपेक्षा मोठे होते, आणि त्याचा एकमेव दस्तऐवज माझ्या आत्याच्या स्मरणात होता.

गळ्याने साथ सोडलेल्या अशाच एका रात्रीची पाश्चात्य हकीकत याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. २ जानेवारी १९५८ रोजी रोमच्या ऑपेरागृहात, इटलीचे राष्ट्राध्यक्ष प्रेक्षागारात असताना, मारिया कॅलास ही विख्यात सोप्रानो ‘नॉर्मा’च्या पहिल्या अंकानंतर पुढे गाऊ शकली नाही. आवाज गेला होता. पण वृत्तपत्रांनी त्याचा राष्ट्रीय अपमान केला, तिच्या स्वभावाचे पंचनामे झाले. तिकडेही स्त्रीच्या गळ्याचा निवाडा तिच्या वर्तनावरून होतो, एवढे त्यावरून दिसते. तरीही एक फरक उरतो. व्हिएन्नातील हान्स्लिक किंवा लंडनमध्ये टोपणनावाने संगीतावर लिहिणारे बर्नार्ड शॉ यांच्यासारख्यांनी गायनाचे नेमके वर्णन करण्याची शिस्त एकोणिसाव्या शतकातच रुजवली होती. कॅलासचा आवाज सर्व सप्तकांत एकसारखा नव्हता, तो कोठे कर्कश होई, आणि तरीही त्या असमानतेतूनच ती पात्राला कसा प्राण देई, यावर तिच्या हयातीत आणि नंतर जो सूक्ष्म वाद झाला, तसा वाद आपल्याकडे एकाही गायिका-नटीच्या वाट्याला आला नाही. आपण एक तर आरती ओवाळली किंवा मौन पाळले.

या दोन जगांना जोडणारी एक व्यक्ती आपल्याच मातीतील आहे. मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या घराण्यातील पॅट्रिशिया रोझारिओ या सोप्रानोने इंग्लंडात नाव मिळवले. जॉन टॅव्हनर यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात १९९२ साली त्यांनी नायिकेची भूमिका केली आणि त्यांच्या गळ्यासाठी टॅव्हनर यांनी पुढे अनेक रचना लिहिल्या. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस, ज्याच्या रंगमंचाला बालगंधर्वांचेही पाय लागले होते, ते दीर्घ काळ बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडले तेव्हा तेथे त्याच गायल्या. नावाने ऑपेरागृह असलेल्या त्या वास्तूत कधी नाट्यपद आणि कधी ऑपेराची आरिया घुमावी, आणि त्या दोहोंना ऐकण्याची एकच मराठी भाषा आपल्यापाशी नसावी, याचा विचार करावा.

नाशिकात बसून हा विचार करण्याला एक कारण आहे. संगीत नाटक संपले असे लोक म्हणू लागले होते त्या काळात ज्या दोन नाटकांनी त्याला नवा श्वास दिला, ती या गावात राहणाऱ्या लेखकांच्या लेखणीतून उतरली. येथील हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली आले आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ साली. दोहोंना संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. अभिषेकींनी पदाचा पसारा आवरला, चालीला वळणे दिली ती प्रसंगाच्या वळणावरून, आणि गायकाने ती वाटेल तशी फुलवत न्यावी ही मुभा जाणीवपूर्वक कमी केली. ‘मत्स्यगंधा’तील सत्यवती आशालता वाबगावकर गायल्या. घराण्याच्या तालमीची भारदस्त गायकी त्यांच्यापाशी नव्हती. होती ती भावाला नेमके टोक देणारी, संयत, थोडी अंतर्मुख अशी गळ्याची जात. वैफल्याने ग्रासलेली सत्यवती त्या गळ्यातून जशी उमटली तशी ती अधिक तयारीच्या गळ्यातून उमटली असती का, हा खरा समीक्षेचा प्रश्न होता. जाणकार म्हणाले, तयारी कमी. नाट्यनिष्ठ म्हणाले, अभिनय चांगला. ज्या ठिकाणी तयारी आणि अभिनय एकमेकांत मिसळून तिसरेच काही होते, त्या ठिकाणाला नाव देणारा शब्द दोघांपाशीही नव्हता.

आजच या प्रश्नाकडे वळण्याची निकड का भासली, हेही सांगितले पाहिजे. जयमाला शिलेदार २०१३ साली गेल्या, आशालता २०२० साली, आणि ‘स्वरसम्राज्ञी’तील मैना ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली त्या कीर्ती शिलेदार २०२२ साली. गंधर्वपरंपरा स्त्रीच्या गळ्याने पुढे नेताना तिच्यात स्वतःचे काय मिसळले, हे ज्या शिलेदार माय-लेकींकडून ऐकून घ्यावयाचे, त्या दोघीही आता नाहीत. ध्वनिमुद्रिका आहेत, चित्रफिती आहेत, हे खरे. पण जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते. रंगमंचावर वीस मिनिटे चाललेले पद त्यात कोंबताना काय गळाले, ते तबकडी सांगत नाही. चित्रफीत गळा दाखवते, पण त्या रात्री सभागृहात काय झाले, शेवटच्या रांगेपर्यंत काय पोचले, हे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. उलट, यंत्राने सर्व काही जपून ठेवले आहे अशा भ्रमाने आपण ऐकलेले लिहून ठेवण्याची सवय सोडली, हे या काळाचे सर्वांत मोठे नुकसान होय.

म्हणून या संग्रहात निवड करताना कसोटी एकच ठेवली आहे: लेखकाने ऐकले आहे की नाही, आणि जे ऐकले ते त्याने नेमके सांगितले आहे की नाही. त्यामुळे काही मोठ्या नावांची गौरवपर भाषणे यात नाहीत आणि काही अनाम बातमीदारांची चार ओळींची टिपणे आहेत. निंदेचे लेखही वगळलेले नाहीत, कारण आपल्या समीक्षेने स्त्रीच्या गळ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले याचा तो कबुलीजबाब आहे. रंगमंचावरील गायन आणि बैठकीतील गायन यांविषयीचे लेखन शेजारी शेजारी ठेवले आहे. एकाच गायिकेला दोन लेखकांनी दोन आसनांवर ऐकले असेल तर वाचकाने दोन्ही वाचून मधली वाट स्वतः शोधावी, अशी अपेक्षा आहे. काही गायिकांच्या वाट्याला अवघे एक पान आले आहे. ते पान त्यांच्या योग्यतेचे माप नव्हे, आपल्या आळसाचे आहे.

वाचकाला माझी एक विनंती आहे. आपल्या घरात, वाड्यात, आळीत अजून अशी माणसे असतील की ज्यांनी कनातीतल्या बाकावर किंवा नाशिकच्या कालिदास कलामंदिरातील खुर्चीवर बसून एखाद्या गायिकेला ऐकले आहे. त्यांच्यापाशी जा आणि विचारा: रात्र कोणती होती, नाटक कोणते, साथीला कोण होते, पट्टी चढली की उतरली, ती उभी राहून गायली की बसून, आणि गाणे संपल्यावर लोकांनी काय केले. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. रागाचे नाव त्यांना आले नाही तरी अडू देऊ नका. माझ्या आत्याची हकीकत मी तिच्या हयातीत लिहून घेतली नाही. वर दिली आहे तेवढीच आता उरली आहे.